मुका माज, मुका सेन्सर

म्हशींमधील मुका माज पशुपालकांच्या परिचयाचा आहे. जनावर माजावर येते, परंतु लक्षणे ठळक दिसत नाहीत आणि रेतनाची वेळ निघून जाते. गाईचा माज साधारणपणे १२ ते १८ तास टिकतो. तो हुकल्यास पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. तेवढ्या दिवसांचा चारा-खुराक अंगावर पडतो आणि पुढचे वेतही लांबते. माजाच्या काळात गाईची हालचाल वाढते. ती टिपून पशुपालकास सूचना देणारे गळपट्टे म्हणूनच उपयुक्त ठरतात. परंतु पट्ट्यातील सेन्सरच मुका झाला तर?

प्रायोगिक स्वरूपाच्या स्वस्त पट्ट्यांत एमपीयू-६०५० हा सेन्सर अनेकदा वापरला जातो. आय-टू-सी पद्धतीने, एसडीए आणि एससीएल या दोन तारांवरून तो मायक्रोकंट्रोलरला माहिती देतो. मानेचे झटके व गोठ्यातील ओल यांमुळे सोल्डरिंग सुटते, तारा गंजतात आणि हा संवाद तुटतो. प्रोग्रॅम निष्काळजीपणे लिहिलेला असल्यास पडद्यावर मात्र शून्य किंवा जुनाच आकडा दिसत राहतो. गाय शांत आहे, असा पशुपालकाचा समज होतो. बंद पडलेले यंत्र निदान लक्षात तरी येते. चालू असल्याचे भासवणारे यंत्र अधिक घातक होय.

अशा वेळी सेन्सर बदलण्याची घाई करू नये. प्रथम मल्टिमीटरने सेन्सरपर्यंत योग्य विद्युतदाब पोहोचतो का आणि दोन्ही भागांचे ग्राउंड जोडलेले आहे का, हे पाहावे. एसडीए व एससीएल यांची अदलाबदल झालेली नसावी. संवाद थांबलेला असताना या दोन्ही तारांवर सुमारे ३.३ व्होल्ट दिसले पाहिजेत. न दिसल्यास पुल-अप रोध किंवा जोडणी तपासावी. त्यानंतर पत्ता शोधणारा लहान प्रोग्रॅम चालवावा. सेन्सरने षोडशमान ६८ या पत्त्यावर उत्तर द्यावे. एडी-शून्य ही पिन उच्च दाबाला जोडलेली असल्यास तो पत्ता ६९ होतो. उत्तर मिळूनही सर्व आकडे शून्य असतील, तर सेन्सर बहुधा निद्रावस्थेत आहे. वीजपुरवठा सुरू होताच तो त्याच अवस्थेत असतो. षोडशमान ६बी या रजिस्टरमध्ये शून्य लिहून त्याला जागे करावे लागते.

शेवटची कसोटी सर्वांत सोपी आहे. सपाट जागी स्थिर ठेवलेल्या सेन्सरच्या एका अक्षावर गुरुत्वाकर्षणाचा सुमारे १ जी दिसलाच पाहिजे. गाय कितीही शांत उभी असली, तरी तिन्ही अक्ष एकाच वेळी शून्य होत नाहीत.

हे काम अभियंत्याचे आहे, विस्तार कार्यकर्त्याचे नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु तंत्रज्ञ येईपर्यंत माज थांबत नाही. म्हणून प्रात्यक्षिकासाठी दिल्या जाणाऱ्या प्रत्येक पट्ट्याने ‘हालचाल नाही’ आणि ‘संपर्क नाही’ या दोन वेगळ्या सूचना द्याव्यात, ही अट खरेदीच्या वेळीच घातली पाहिजे. विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात वरील तपासणीचा अंतर्भाव व्हावा. आणि पट्टा असला, तरी सकाळ-संध्याकाळ गोठ्यात फेरी मारून जनावर पाहण्याची सवय पशुपालकांनी सोडू नये.