तळणीचा मोदक ‘नकली’ कसा?

१/ गणेशोत्सव जवळ आला की समाजमाध्यमांवर एक निवाडा हमखास फिरू लागतो : खरा मोदक उकडीचाच, तळणीचा म्हणजे पळवाट. माझ्या मते या निवाड्यात चवीपेक्षा भूगोलाचे विस्मरण अधिक आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ उकडीच्या मोदकाला तांदळाची पिठी आणि ओला नारळ हवा. कोकणात पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. तिथे दोन्ही घरचे. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात तो जेमतेम ७०० मिलिमीटर. ही ज्वारी, बाजरी, तूर आणि कापसाची जमीन. (गोदाकाठचा ऊस जायकवाडीचे पाणी आल्यानंतरचा.) म्हणून इथला मोदक कणकेचा, आत सुके खोबरे, आणि तळलेला. खोबऱ्याची वाटी हलकी, टिकाऊ. समुद्रापासून इतक्या दूर तीच परवडते.

३/ मग या मुलखात तांदळाचे पक्वान्न नव्हतेच का? होते, आणि मोठ्या मानाचे : अनारसा. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचे, निथळून ओलसर असतानाच कुटायचा, गूळ मिसळून गोळा मुरत ठेवायचा. हे पीठ दीर्घकाळ टिकते. हवे तेव्हा खसखशीवर थापून तुपात सोडायचे आणि एकाच बाजूने तळायचे. जाळी पडली की साधले.

अधिक मासात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जावयाला ३३ अनारशांचे वाण देतात. तो महिना साधारण ३३ महिन्यांनी येतो, हे त्यामागचे गणित. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जे धान्य आपल्या शेतात पिकत नाही, ते रोजच्या ताटात नसते. ते सणाला येते, टिकाऊ रूपात येते आणि मोजून दिले जाते.

४/ इथे माझ्याच मांडणीला छेद देणारा पुरावा ठेवतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तांदळाच्या पिठाचे, गोड सारणाचे मोदक येतात. गारांसारखे दिसतात म्हणून त्यांचे नाव ‘वर्षोपलगोलक’. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याला लागूनच. अर्थात पठारालाही तांदळाचा मोदक ठाऊक होता. मात्र हा पुरावा राजाच्या मुदपाकखान्यातला आहे. कोकण विरुद्ध देश एवढ्यावर प्रश्न संपत नाही. तांदूळ कोणाच्या घरी शिजत होता, हेही विचारावे लागते.

५/ जपानची मोची पाहा. चिकट तांदूळ वाफवून उखळात कुटलेली. नववर्षाच्या सूपात पश्चिम जपानात ती गोल असते, पूर्वेकडे चौकोनी. भातशेती तुटपुंजी असलेल्या डोंगराळ गावांनी तिच्यात राळे मिसळले, रानातल्या तोची झाडाची कडू फळेही, कडवटपणा काढून, घातली. या मोचींना स्वतंत्र नावे आहेत, पण घराण्यातून कोणी त्यांना बाहेर काढलेले नाही.

६/ आपल्याकडे गणपतीची जी आरती घरोघरी म्हटली जाते, ती परंपरेने समर्थ रामदासांची मानतात. त्यांचा जन्म १६०८ साली याच घनसावंगी तालुक्यातील जांब येथे झाला. त्या परिसरात आरतीनंतर प्रसादाला येतो तो बहुधा कणकेचा, तळणीचाच मोदक.