रोगनिर्मूलनाची सूत्रे कोणाच्या हाती?

खरजेने माणूस मरतो, यावर आपला चटकन विश्वास बसणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, वस्त्यांत मात्र ती जिवावर बेतते. साध्या खरजेत माणसाच्या अंगावर दहा-पंधरा किडे असतात. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला जी ‘क्रस्टेड स्केबीज’ होते, तिच्यात ते हजारोंनी, कधी लाखोंनी वाढतात. कातडीवर जाड खपल्या धरतात, खपल्यांना भेगा पडतात आणि भेगांतून जंतू थेट रक्तात उतरतात. अशा एका रुग्णाच्या अंथरुणा-पांघरुणातून अख्ख्या घराला खरूज लागते. मुले खाजवतात, फोड येतात, फोडांत स्ट्रेप्टोकॉकस जंतू वाढतो. त्यातून कोणाची मूत्रपिंडे बिघडतात. घशातल्या संसर्गाप्रमाणेच त्वचेवरचा हा संसर्गही संधिवाताच्या तापाला आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी होण्याला हातभार लावतो, असे तिथल्या अनेक संशोधकांचे मत आहे. हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन घ्यावे लागते, तेही वर्षानुवर्षे. आणि हे सारे टाळता येण्यासारखे आहे. त्या देशात ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरील समाजाचे आयुर्मान इतरांहून आठ वर्षांनी कमी का, याचे काही उत्तर अशा आजारांतही सापडते.

अशा रोगांशी लढायला तिथे धर्मादाय संस्था उभ्या राहिल्या. श्रीलंकेतून आलेल्या आईवडिलांचे डॉक्टर पुत्र सॅम प्रिन्स यांनी ‘वन डिसीज’ काढली ती एका वेळी एकाच रोगाचा पिच्छा पुरवायचा या हट्टाने. तिने पूर्व आर्नहेम लँडमध्ये योल्ङू समाजाच्या ‘मिवाच हेल्थ’ या संस्थेबरोबर काम केले. पूर्वी रुग्ण रुग्णालयात काही आठवडे राहून बरा व्हायचा, घरी परतायचा आणि त्याच घरातून त्याला पुन्हा खरूज लागायची. नव्या पद्धतीत तो घरी येण्याआधीच साऱ्या घरादारावर एकदम उपचार आणि नंतर नियमित पाठपुरावा. २०१६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत क्रस्टेड स्केबीजची सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली.

एवढी एकाग्रता सरकारी आरोग्य खात्याला सहसा जमत नाही. खात्यापुढे शंभर कामे असतात आणि दुर्लक्षित रोगाचा नंबर शेवटी लागतो. एकच ध्येय आणि एकच मुदत घेऊन मंत्र्यांच्या, देणगीदारांच्या दारी धडकणारा प्रमुख असला, तर त्या रोगाला निदान एक वकील मिळतो. असा माणूस समाजाबाहेरचा असला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांनी १९७६ पासून खुपरीविरुद्धची मोहीम ऑस्ट्रेलियाच्या कानाकोपऱ्यात नेली आणि एक लाखाहून अधिक माणसांचे डोळे तपासले. पण ही मोहीम वस्त्यांत शिरू शकली, कारण डॉक्टरांच्या आधी ॲबोरिजिनल कार्यकर्ते तिथे जाऊन बोलणी करत. त्याच कार्यकर्त्यांवर क्वीन्सलँडच्या प्रीमियरनी मतदार नोंदणी करत असल्याचा ठपका ठेवला आणि त्या राज्यातले काम काही काळ बंद पडले. डोळे तपासायला निघालेल्या पथकाला राजकारण असे आडवे आले.

एकाच रोगामागे लागण्याची मर्यादा दिसते ती घरांपाशी. १९८५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील वाळवंटी भागात नगानाम्पा हेल्थ कौन्सिल या ॲबोरिजिनल आरोग्य संस्थेचे संचालक यामी लेस्टर यांना एक प्रश्न छळत होता. दवाखाने चालू, डॉक्टर हजर, तरी माणसे पुन्हा पुन्हा आजारी का पडतात? त्यांनी एक वास्तुरचनाकार, एक डॉक्टर आणि एक पर्यावरण-आरोग्याचा जाणकार अशा तिघांना बोलावले आणि लोक आजारीच पडू नयेत यासाठी काय करावे लागेल ते सांगा, असे काम दिले. १९८७ च्या अहवालात नऊ गोष्टींचा क्रम लागला. त्यात अंग धुता येणे, विशेषतः लहान मुलांना रोज आंघोळ घालता येणे, अगदी वरचे. पुढे या तिघांच्या ‘हेल्थॅबिटॅट’ या संस्थेने हजारो घरे तपासली. चालू स्थितीतली न्हाणीघरे जेमतेम एक तृतीयांश घरांत निघाली. बिघाडांची कारणे पाहिली तेव्हा सुमारे सत्तर टक्के बिघाड देखभालीअभावी, वीसेक टक्के मुळातल्या निकृष्ट बांधकामामुळे झालेले होते. राहणाऱ्यांच्या हातून झालेले नुकसान दहा टक्क्यांच्याही आत. ‘त्यांना घरे वापरताच येत नाहीत’ हा शहरी ऑस्ट्रेलियात मुरलेला समज या एका आकड्यापुढे टिकत नाही. पथकाचा नियम असा, की पाहणीच्या पहिल्याच दिवशी हत्यारे घेऊन दुरुस्ती सुरू करायची; नुसता कागद भरून परतायचे नाही. आणि पथकातील बहुसंख्य माणसे त्याच वस्तीतली. न्यू साउथ वेल्सच्या आरोग्य खात्याने दहा वर्षांच्या कामाचा आढावा घेतला, तेव्हा दुरुस्त केलेल्या घरांतून संसर्गजन्य आजारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांनी कमी आढळले.

नळाची चावी बदलण्याला ना कोणी रोगनिर्मूलन म्हणत, ना त्यासाठी देणग्या गोळा होत. खरजेवरचे मलम देणगीदाराला दाखवता येते, घरमालक असलेल्या सरकारने न केलेली दुरुस्ती दाखवता येत नाही. ज्या प्रमुखाचे मूल्यमापन फक्त ‘किती रुग्ण घटले’ यावर होते, तो घरांच्या भांडणात पडायला बिचकतो, आणि निधी सरकारचाच असला तर अधिकच. वस्तीला मात्र तेच भांडण सर्वांत जवळचे असते. म्हणून प्रमुखाला कोण नेमतो आणि कोण काढू शकतो, हा प्रश्न पदवी-अनुभवाच्या प्रश्नाआधी विचारायला हवा.

समाजाच्या हाती सूत्रे देण्यावरचे आक्षेपही गंभीर आहेत. दूरच्या वस्त्यांत प्रशिक्षित माणसे मोजकी असतात आणि तीच चार समित्यांवर राबतात. कुळाकुळांतले ताणतणाव असतात. सर्वांत मोठा धोका म्हणजे सरकारने जबाबदारी सोपवायची आणि पैसा हातचा राखायचा. मग अपयशाचे खापर ॲबोरिजिनल नेतृत्वावरच फुटते. २०२० मध्ये केंद्र, राज्ये आणि ॲबोरिजिनल संस्थांच्या महासंघाने ॲबोरिजिनल समाज आणि इतरांमधली दरी मिटवण्याचा राष्ट्रीय करार केला, त्यात समाजाच्या स्वतःच्या संस्था बळकट करण्याचे वचन आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी सल्लागार आयोगाने निष्कर्ष काढला, की सरकारांनी कामाची पद्धत फारशी बदललेलीच नाही.

तरीही पारडे समाजाच्या बाजूला झुकते, असे आमचे मत आहे. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये पहिला ॲबोरिजिनल दवाखाना निघाला, तेव्हाही अशाच शंका होत्या. आज तशा संस्था देशभर आहेत. आपल्याकडे गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने गावातल्या अल्पशिक्षित बायकांच्या हाती नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावरचे इंजेक्शन दिले, तेव्हा तज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या होत्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: बालकांचे पहिल्या महिन्यातील मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. तिथेही संस्थेचे नेतृत्व बाहेरून आलेल्या डॉक्टरांकडे होते, हे विसरून चालणार नाही. पण उपचाराचा अधिकार गावातल्या बाईकडे गेला.

एका रोगासाठी झटणाऱ्या संस्थेने प्रमुख नेमताना निवड समितीत वस्तीच्या आरोग्य मंडळाचे बहुमत असावे. प्रमुख ॲबोरिजिनल असेल तर उत्तमच. नसेल तर त्याच्या हाताखाली कोण तयार होत आहे आणि त्या उमेदवाराच्या वेतनाचा पैसा कुठून येणार, हे करारातच लिहिलेले असावे. मंडळाकडे काम सोपवण्याची तारीख संस्थेने पहिल्याच वर्षी जाहीर करावी, पण निधीही त्याच तारखेला मंडळाकडे जायला हवा. तो जाणार नसेल तर मुदत वाढवावी आणि त्याचे कारण देणगीदारांना व सरकारला उघडपणे सांगावे. आणि घरांच्या दुरुस्तीबद्दल जाहीरपणे बोलण्याचे स्वातंत्र्य प्रमुखाला विश्वस्तांनी लेखी द्यावे. त्यामुळे सरकारी अनुदानाचा एखादा हप्ता अडकला तरी चालेल.