चितळांसाठी बरसीम, आणि माझ्या हरभऱ्याचं काय?

पोस्ट लांब आहे. पण ताडोबाच्या बफरमध्ये ज्यांचं वावर आहे आणि ज्यांच्या घरातला पोरगा रिसॉर्टवर कामाला आहे, अशा दोघांनी तरी शेवटपर्यंत वाचा. माझ्या घरात दोन्ही आहे, म्हणूनच लिहायला इतके दिवस लागले.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या गावाबाहेरच्या एका रिसॉर्टनं आपल्या आवारातली दीड-दोन एकर जागा नांगरली. आम्हाला वाटलं, भाजीपाला लावतील. लावलं बरसीम आणि लसूणघास. वर स्प्रिंकलर. कडेला जनावरांच्या चाटण विटा ठेवल्या आणि रोज सकाळी मोरांसाठी ज्वारी टाकायला माणूस लावला. आवाराला रस्त्याच्या बाजूनं भिंत आहे, जंगलाच्या बाजूनं मोकळं. समोर व्हरांडा, व्हरांड्यात खुर्च्या. सफारीत काही दिसलं नाही तरी पाहुण्याला चहा पिता पिता चितळ दिसलं पाहिजे, एवढाच हिशेब.

चितळं आली. येणारच. धान निघाल्यावर आमच्याकडे हिरवं काही उरत नाही, जंगलातलं गवत वाळून कडक झालेलं असतं आणि इथं कोणीतरी रोज पाणी देऊन कोवळा पाला वाढवतोय. डिसेंबरात मी स्वतः एका संध्याकाळी चाळीसपर्यंत मोजली, मग अंधार झाला.

आता चितळ काही पंगतीला बसलेला पाहुणा नाही, की पानावरचं संपवलं आणि हात धुऊन घरी गेला. ते चरत चरत पुढे सरकतं. त्या बरसीमच्या पुढे एक पडीक वावर आहे आणि त्याच्या पुढे माझा धुरा. दोन एकर हरभरा होता. घाटे धरायच्या आधीच शेंडे खुडले गेले. दरवर्षी आठ-नऊ क्विंटल होतात, यंदा तीन झाले. क्विंटलला पाच हजार धरले तरी पंचवीस-तीस हजारांचा फटका. चितळं आमच्याकडे आधीही यायची, नाही म्हणत नाही. पण पाच-सात यायची, हाकललं की जायची. यंदा कळपच मुक्कामाला होता.

मी भांडायला गेलो नव्हतो, बोलायला गेलो होतो. तिथल्या मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, "काका, आपण कोणाला मारतो का? उलट खाऊ घालतोय. पुण्याचंच आहे ना?" मग मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला. एक माणूस ट्रॅक्टरनं जंगलाच्या कडेला पट्टी नांगरतो, बी फेकतो, आणि दोन महिन्यांनी तिथं हरणं आणि टर्की चरतायत. "बघा, तिकडे सगळे करतात. याला फूड प्लॉट म्हणतात."

घरी येऊन मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. आणि मला मॅनेजरचा राग येण्याऐवजी हसू आलं, कारण त्यानं व्हिडिओ अर्धाच पाहिला होता.

अमेरिकेत फूड प्लॉट लावतात हे खरं आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी क्लोव्हर लावतात (आपलं बरसीम त्याचाच भाऊबंद), मुळ्या-सलगमच्या जातीची पिकं लावतात. रानटी टर्कीसाठी चुफा नावाचं लव्हाळ्याच्या जातीचं झाड लावतात, टर्की त्याचे कंद उकरून खाते. बियाण्याच्या तयार पिशव्या मिळतात. पण हे सगळं तिथं मुख्यतः शिकारीसाठी आहे. प्लॉटच्या कडेला मचाण असतं, मचाणावर परवानाधारक शिकारी असतो. हंगाम ठरलेला, किती मारायची ते ठरलेलं. १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार तिथं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. म्हणजे जो हरणाला बोलावतो तोच परवान्याचे पैसे भरतो, तोच त्यातलं एक मारून घरी नेतो. ते बरोबर की चूक, यावर मी बोलत नाही. त्यांचा देश, त्यांचा कायदा. पण त्यांच्या हिशेबाला दोन बाजू आहेत.

आणि इतकं करूनही त्यांना ते महागात पडलंय. हरणं एकाच जागी गर्दी करून, एकमेकांच्या लाळेत तोंड घालून खायला लागली की रोग पसरतो. तिथं हरणांचा एक रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ साली कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला, आज तीसहून जास्त राज्यांत पोचलाय. जनावर खंगून खंगून मरतं, औषध नाही. म्हणून तिथल्या कित्येक राज्यांनी हरणांना दाणा टाकण्यावर बंदी किंवा मर्यादा घातली. पेरलेल्या प्लॉटला बहुतेक ठिकाणी वेगळा नियम आहे, हेही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल अर्धंच सांगितलं. पण चाटण वीट आणि टाकलेला दाणा, जे आमच्याकडे चाललंय, त्याबद्दल तिकडेही आता लोक सावध झालेत.

आपल्याकडे आपण काय उचललं? बोलावण्याची अर्धी बाजू. चितळाला हात लावायचा नाही असा आपला कायदा आहे आणि तो असायलाच पाहिजे, माझं त्याबद्दल भांडण नाही. पण मग बोलावणाऱ्यानं बोलवायचं, फोटो विकायचे आणि कळपाचं पोट मात्र शेजारच्या वावरातून भरायचं, हा कुठला हिशेब? पुण्य त्याच्या खात्यात आणि उधारी माझ्या!

नुकसानभरपाई मिळते, असं लगेच कोणीतरी म्हणेल. मिळते. अर्ज करा, सातबारा जोडा, मग वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांचा एक दिवस जुळेपर्यंत थांबा. तोवर वावर तसंच ठेवा. ज्यानं केलंय त्याला माहीत आहे. आणि ती भरपाई देतं कोण? सरकार, म्हणजे तुम्ही-आम्ही. ज्यानं बरसीम लावलं त्याच्या खिशाला एक रुपयाची झळ नाही.

पण हरभरा ही लहान गोष्ट आहे. मोठी पुढे आहे.

चितळ जिथं जातं तिथं त्याच्या मागं कोण येतं, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. जानेवारीत एका सकाळी माझ्या धुऱ्यापासून दोनशे पावलांवर, त्याच पडीक वावरात, वाघिणीनं चितळ मारून ठेवलं होतं. ती तीन दिवस तिथंच होती. वाघिणीची चूक नाही, तिनं तिचं काम केलं. पण त्यानंतर हरभरा उपटायला एक बाई यायला तयार नव्हती. एक मावशी तोंडावर म्हणाली, "नाई जमत जी भाऊ, लेकरं हायेत घरी." मी काय बोलणार? दुप्पट मजुरी देतो म्हणायलाही लाज वाटली. राहिला होता तेवढा हरभरा मी, बायको आणि भाऊ अशा तिघांनी भर उन्हात, दहा ते तीनच्या दरम्यान, एकानं लक्ष ठेवायचं आणि दोघांनी उपटायचं, असा काढला.

माझा पुतण्या त्याच रिसॉर्टमध्ये किचनला आहे. रात्री जेवणं आटोपली की दहा-साडेदहाला सायकलनं घरी येतो. रस्ता त्या बरसीमच्या कडेनंच आहे. पाहुणा व्हरांड्यातून टॉर्च मारून चितळांचे चमकणारे डोळे बघतो, आणि त्याच अंधारातून आमचं पोरगं घंटी वाजवत येतं. वहिनी तो घरात पाऊल टाकेपर्यंत जागी असते.

आपल्या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसं जातात. कोणी मोहफुलं वेचताना, कोणी तेंदूपत्त्याला, कोणी शेळ्या राखताना. प्रत्येक वेळी आपल्याला सांगितलं जातं, जंगलात जाऊ नका, एकटे फिरू नका, पहाटे बाहेर पडू नका. ऐकतो आम्ही. मग ज्यानं वाघाचं खाद्य गावाच्या तोंडाशी आणून बांधलं, त्याला कोणी काही सांगणार की नाही?

कायद्याचं बघू. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यात 'शिकार' म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. पकडणं, सापळा लावणं, हाकणं आणि आमिष दाखवणं हेही त्या व्याख्येत येतं. मी वकील नाही. पाणी देऊन वाढवलेलं बरसीम, चाटण विटा आणि ज्वारी हे आमिष ठरतं का, ते वनखात्यानं लेखी सांगावं. ठरत असेल तर कारवाई करा. ठरत नसेल तर तसंही लिहून द्या, म्हणजे उद्या प्रत्येक रिसॉर्टवाल्याला आणि आम्हालाही कळेल की काय चालतं.

दुसरी बाजूही सांगतो. चितळांना गवत पाहिजे हे खरं आहे. जंगलात गवत कमी झालंय हेही खरं. तरोटा, रानतुळस, घाणेरी अशी तणं माजली की चांगलं गवत दबतं. पण त्याचा इलाज काय, तो आपल्याच ताडोबात आहे. जामणी, नवेगाव, बोटेझरी ही गावं कोअरमधून उठली. त्यांच्या वावरांच्या जागी आज कुरणं आहेत. तण काढलं जातं, आपलं देशी गवत राखलं जातं आणि तिथं चितळांचे कळप, रानगवे बिनधास्त चरतात. पर्यटक त्या कुरणांचे फोटो काढून नेतात. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्याची घरंदारं, देवळं, वावरं सोडली म्हणून ते गवत उगवलंय, हे त्या फोटोत दिसत नाही. तरी ती जागा बरोबर आहे, कारण तिथं चितळाच्या मागं वाघ आला तर मध्ये कोणाची बाई हरभरा उपटत नसते.

गवत पाहिजे तर तिथं वाढवा. बरसीम हे गाईचं खाद्य आहे, चितळाला त्याची गरज नाही. आणि जिथं गावची गुरंही जातात आणि चितळंही, अशा एका ठिकाणी तोंडाला तोंड लावून चारलं तर लाळ्या-खुरकूत इकडून तिकडे जायला वेळ लागत नाही. मोरांना टाकलेल्या ज्वारीचंही तेच. मोर एकदा माणसाच्या हातच्या दाण्याला सोकावला की औषध लावलेलं बियाणं पेरलेल्या वावरातही तसाच बिनधास्त उतरतो आणि मरतो. मग केस कोणावर होते? शेतकऱ्यावर.

आता रोजगार. हा मुद्दा मला सगळ्यात जड जातो, कारण पुतण्याच्या पगारावर वहिनीचं घर चालतं. रिसॉर्ट बंद करा असं मी म्हणत नाही. गावातली दहा-बारा पोरं तिथं आहेत, ती राहावीत. पण एक सांगा, ही पोरं काय बरसीममुळे कामाला आहेत? पाहुणे ताडोबा बघायला येतात. व्हरांड्यासमोरचं बरसीम नांगरून टाकलं म्हणून एकाचीही नोकरी जायचं कारण नाही. "काही बोलाल तर पोरांना काढू" असं कोणी सूचित करत असेल, तर त्या भाषेला माणुसकी म्हणत नाहीत आणि निसर्गप्रेम तर नाहीच नाही.

आपल्याही चुका मान्य करू. रस्त्याच्या कडेला वानरांना बिस्किटं फेकणारी पोरं आपलीच आहेत. लग्नातलं उष्टं जंगलाच्या कडेला नेऊन टाकणारेही आपणच, त्यावर रानडुकरं पोसली जातात. आणि चिडून कुंपणात वीज सोडणारेही आपल्यातच आहेत. त्या तारेनं जनावरं मेलीत, माणसंही मेलीत. हरभऱ्याचे शेंडे खुडले तेव्हा माझ्या भावाच्या तोंडून तो विचार निघाला होता. मी त्याला झापलं. पण असा विचार माणसाच्या डोक्यात येतो कुठून, हेही बघा. सहनशक्तीला रोज थोडं थोडं कुरतडलं जातं, चितळ शेंडे खुडतं तसंच.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. पहिली, गावाच्या हद्दीत कोणीही, रिसॉर्ट असो की होमस्टे की मंदिर, वन्यप्राणी यावेत म्हणून चारा पेरणार नाही, मीठ किंवा दाणा टाकणार नाही. असलेलं बरसीम पावसाळ्याआधी मोडावं. दुसरी, वनखात्यानं येऊन पाहणी करावी आणि आपलं मत लेखी द्यावं. तिसरी, रिसॉर्टवाल्यांना खरंच चितळांची काळजी असेल तर जो पैसा बियाण्यावर आणि स्प्रिंकलरवर जातो, तो जंगलाच्या आतलं तण काढायला द्यावा, वावरांपासून लांब. त्या कामावर आमच्याच गावचे मजूर जातील, खात्याच्या देखरेखीखाली. आणि रात्री सुटणाऱ्या पोरांना घरी सोडायला गाडी द्यावी. ही चौथी झाली, पण ती मी सोडणार नाही.

मागच्या वेळी ग्रामसभेला कोरम भरला नव्हता. या वेळी या. बायांनी तर याच, कारण वावरात आधी त्या जातात.

आणि मॅनेजरसाहेब, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. तुमच्या चहाबद्दल तक्रार नाही. ग्रामसभेत तुम्हालाही खुर्ची ठेवतो. या, बसा, आणि तो व्हिडिओ पूर्ण बघून या.