म्हातारपण लांबवणारी गोळी आणि खालांचे बधिर पाय

गेल्या शाबानमध्ये माझ्या खाला आठ दिवस राहायला आजऱ्याला आल्या. वय अडुसष्ट. पिशवीत कपड्यांचे दोन जोड आणि बाकी सगळे डबे. चौदा वर्षांपासून साखर असल्यामुळे मेटफॉर्मिनची पाकिटे, बीपीची गोळी, सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची कॅप्सूल, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक मोठा चकचकीत डबा. डब्यावर मशिदीचा घुमट, खजुराचे झाड, काळी कलौंजी आणि त्याखाली सोनेरी अक्षरांत वय मागे फिरवण्याची हमी. किंमत 3,200 रुपये, पुरतो एक महिना.

"तू इस्कूल में पढाती ना, ये पढ के बता मेरेकू, दूध में लेना की पानी में?" खालांनी विचारले.

मी पाठीमागची बाजू वाचायला घेतली. चष्मा लावून, मग मोबाईलचा उजेड पाडून. तिथे मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की हा माल औषध म्हणून वापरण्यासाठी नाही.

हे वाक्य कंपनीने प्रामाणिकपणाने छापलेले नसते, कायद्याने छापावे लागते. पूरक आहाराच्या पावडरी आणि गोळ्या आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2016च्या नियमांखाली येतात, म्हणजे कायद्याच्या नजरेत त्या अन्न आहेत. औषध बाजारात आणायचे तर त्याचा माणसावर गुण येतो हे आधी दाखवावे लागते. अन्नाला तशी अट नाही. 'वय मागे फिरवते' हे पुढच्या बाजूचे वाक्य आणि 'औषध नाही' हे मागच्या बाजूचे वाक्य एकाच डब्यावर सुखाने नांदतात ते त्यामुळे.

दीनच्या नावाने झालेल्या विक्रीबद्दल थोडे बोलायला हवे. कलौंजीची हदीस आपल्या सर्वांना पाठ आहे, मौत सोडून सर्व आजारांवर तिच्यात शिफा असल्याचा तिचा आशय. पण हदीसवर भाष्य करणाऱ्या जुन्या आलिमांपैकी इमाम खत्ताबी यांनी हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे की शब्द सर्वसाधारण असले तरी अर्थ विशिष्ट आजारांपुरता घ्यावा. आणि दुसरी हदीस, जी या डब्यांवर कधीच छापलेली नसते, ती अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्हींत आहे. तिच्यात इलाज करून घेण्याची ताकीद आहे आणि एकाच आजाराला दवा नसल्याचे सांगितले आहे. तो आजार म्हणजे म्हातारपण. सुन्नतचे नाव घेऊन म्हातारपणाची दवा विकणाऱ्याने ही हदीस वाचली नसावी, किंवा वाचून बाजूला ठेवली असावी.

म्हणून शास्त्रज्ञ या प्रश्नावर काम करत नाहीत असे नाही. करतात, आणि त्यात खरे सापडलेलेही आहे. 1935 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषणात कमतरता न ठेवता कमी खायला दिले, तेव्हा ते पोटभर खाणाऱ्या उंदरांपेक्षा बरेच जास्त जगले. माणसावर याचा चांगला प्रयोग पुढे 'कॅलरी' या नावाने झाला. दोनशेहून थोड्या अधिक निरोगी माणसांपैकी काहींना दोन वर्षे पाव हिश्शाने कमी खायला सांगितले. प्रत्यक्षात त्यांना जमले सुमारे बारा टक्के. 2023 साली त्यांच्या रक्ताच्या तपासणीचा निष्कर्ष आला: वय वाढण्याचा वेग मोजण्याच्या एका पद्धतीने तो दोन ते तीन टक्क्यांनी मंदावला होता, दुसऱ्या दोन पद्धतींनी फरक दिसला नाही. दोन वर्षे अर्धपोटी राहून एवढेच.

इथे रमजानची आठवण येणे साहजिक आहे. दर वर्षी व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो की एका जपानी शास्त्रज्ञाने रोजाचे फायदे सिद्ध केले म्हणून त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे नाव योशिनोरी ओसुमी आणि 2016चे नोबेल त्यांना मिळाले हे अगदी खरे. पण त्यांचे काम पाव फुगवणाऱ्या यीस्टवर होते. यीस्टला उपाशी ठेवले की पेशी स्वतःमधला जुना, मोडका माल मोडून पुन्हा वापरते, ती यंत्रणा कोणत्या जनुकांवर चालते हे त्यांनी शोधले. रोजा, माणूस, चौदा तास यांपैकी काही त्या प्रयोगात नव्हते. मी हे शाळेतल्या एका सहकारी शिक्षकांना सांगितले तर ते थोडे नाराज झाले. मला त्यात नाराज होण्यासारखे काही वाटत नाही. रोजा आपण अल्लाहचा हुकूम म्हणून धरतो, त्याला यीस्टचे प्रशस्तिपत्र कशाला? आणि खरे सांगायचे तर इफ्तारला भजी, समोसे, सरबत, मग तरावीहनंतर पुन्हा बिर्याणी, असा आपला रमजान मॅकेंच्या उंदरांसारखा मुळीच नसतो. कितीतरी घरांत ईदला वजन वाढलेले असते. आमच्याही घरात.

आता खालांच्या डब्यातल्या नावांकडे वळते. रेझव्हेरट्रॉल हा द्राक्षाच्या सालीतला पदार्थ. 2003 साली त्याने यीस्टचे आयुष्य वाढवल्याचा शोध गाजला, 2008 साली एका बड्या औषध कंपनीने त्यावर काम करणारी कंपनी 72 कोटी डॉलरना विकत घेतली आणि पाच वर्षांत तिचे कार्यालय बंद करून टाकले. माणसाचे आयुष्य वाढवणारे औषध त्यातून निघाले नाही, पावडरी मात्र निघत राहिल्या. एनएमएनचे बरेच काम उंदरांवरचे आहे, माणसांवरचे प्रयोग लहान आणि थोड्या महिन्यांचे.

"पण नुकसान तर नाही ना?" हा प्रश्न खालांनीही विचारला. फिनलंडमध्ये असाच विचार करून 29,000 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला होता. गाजरातले बीटा-कॅरोटीन रोज गोळीतून दिले तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. 1994 साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग 1996 साली मध्येच थांबवावा लागला. गाजर खाण्याने असे होत नाही, गोळीतल्या मोठ्या मात्रेने झाले. खालांच्या पावडरीतही बीटा-कॅरोटीन होते, आणि खाला रोज सकाळी मिश्री लावतात. सिगारेटवरचा निष्कर्ष मिश्रीला जसाच्या तसा लागू होत नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, ती तोंडाच्या कॅन्सरला बोलावणे धाडते हे पक्के माहीत आहे. वय थांबवायला महिन्याला 3,200 रुपये घालवणारी बाई रोज दहा रुपयांची मिश्री सोडत नाही, याचे मला हसू आले आणि राग पण आला.

हे सगळे मी सांगत होते तेव्हा खाला पाय चोळत बसल्या होत्या. "पाय भुरभुर करतात गं, चप्पल निसटलेली कळत नाही. आता वय झालं." अम्मींनी हळूच सांगितले की हल्ली त्या विसरतात पण फार, दोनदा दुधाचे पातेले जाळले.

मी डॉक्टर नाही. पण मेटफॉर्मिनबद्दल मी नुकतेच वाचले होते, तेही या लेखाच्याच निमित्ताने. गंमत अशी की वय मंदावण्याच्या शर्यतीत ज्या औषधाकडे जगातले संशोधक सर्वांत आशेने पाहतात ते खालांच्या पिशवीतले हेच, साखरेचे, स्वस्त मेटफॉर्मिन. पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते 1957 साली मधुमेहावर वापरले. न्यूयॉर्कचे डॉ. नीर बार्झिलाई यांनी 65 ते 79 वयाच्या 3,000 लोकांवर त्याचा प्रयोग आखला आहे, साखर नसलेल्यांचेही म्हातारपणाचे आजार त्याने पुढे ढकलले जातात का हे पाहण्यासाठी. उत्तर अजून आलेले नाही. तोवर साखर नसतानाही ते गिळणारे श्रीमंत लोक अमेरिकेत आहेत. 2019 साली असेही दिसले की व्यायाम करणाऱ्या वृद्धांना मेटफॉर्मिन दिले तर त्यांचे स्नायू कमी वाढतात. साखर असलेल्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये, त्यांना ती हवीच आहे.

पण त्याच गोळीची एक जुनी, डॉक्टरांना ठाऊक असलेली खोड आहे. ती वर्षानुवर्षे घेतली की शरीरात व्हिटॅमिन बी-12 नीट शोषले जात नाही. ॲसिडिटीच्या कॅप्सूलही तेच करतात. खाला दोन्ही घेत होत्या. शिवाय बी-12 मिळते मटण, मासे, अंडी, दूध यांतून, भाजीपाल्यातून नाही. दात गेल्यापासून खालांनी मटण सोडले होते, अंडे 'गरम पडते' म्हणून बंद, आणि दूध चहापुरते. आपण गोश्त खाणारी माणसे, आपल्याला कसली बी-12ची कमतरता, असे मला वाटायचे. घरात गोश्त शिजते, पण घरातली म्हातारी माणसे ते खातात का हे कोण बघते?

बी-12 कमी पडले की नसांवरचे आवरण खराब होते. पायाला मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे, विसरणे. सगळी लक्षणे म्हातारपणासारखीच, म्हणून कोणी तपासत नाही. उशीर झाला तर नसांचे नुकसान कायमचे राहू शकते.

यावर महत्त्वाचे काम आपल्या पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. निम्म्याहून जास्त बायांत बी-12 कमी निघाले. आणखी एक गोष्ट निघाली: ज्या आयांमध्ये फॉलिक ॲसिड भरपूर पण बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती. जास्त फॉलिक ॲसिडचा धोका म्हाताऱ्यांतही ठाऊक आहे, मात्र वेगळ्या प्रकारचा. त्याने रक्त सुधारते, रिपोर्ट चांगला दिसतो, आणि आत नसा खराब होत राहतात. मी डबा पुन्हा उघडून यादी वाचली. सव्वीस नावे होती. फॉलिक ॲसिड होते. बी-12 नव्हते.

गडहिंग्लजला परतल्यावर खालांनी रक्त दिले. बी-12 फार कमी आले. डॉक्टरांनी सांगितले की पायाच्या बधिरपणात साखरेचाही हात असणार, पण ही बाजू तर सुधारता येईल. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला इंजेक्शने झाली. सगळ्या इंजेक्शनांचा खर्च त्या डब्याच्या किमतीच्या पावपटही झाला नाही. तीन महिन्यांनी भुरभुर बरीच कमी आहे, डाव्या पायाच्या बोटांत अजून आहे. पातेले परत जळले नाही, पण दूध आता सूनबाई तापवते, म्हणून ते पुराव्यात धरत नाही.

कॅप्सूलबद्दल एक गोष्ट, कारण भगिनी हे नेहमी विचारतात. मऊ किंवा टोपीवाल्या कॅप्सूलचे आवरण बहुतेक जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून होते, कोणत्या ते लेबलवर लिहिलेले नसते. कोलाजनच्या पावडरीचेही तेच. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर आवरण वनस्पतीचे समजावे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या जरुरीच्या औषधाचा मसला वेगळा आहे, तो आलिमांना विचारावा आणि तोवर औषध बंद करू नये. पण जिची गरजच नाही अशा हौशीच्या पावडरीसाठी शंकास्पद चीज पोटात घालण्याचे कारण काय?

खालांना मी दुसरेही एक करायला लावले. 2012 साली ब्राझीलच्या डॉक्टरांनी 51 ते 80 वयाच्या 2,002 लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितले. पूर्ण गुण दहा, हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा. पुढच्या सहा वर्षांत तीन किंवा त्याहून कमी गुणवाल्यांतले मृत्यू आठ किंवा त्याहून जास्त गुणवाल्यांपेक्षा पाचपट निघाले. बसण्या-उठण्याने आयुष्य वाढते असे यातून सिद्ध होत नाही, अशक्त माणूस उठू शकत नाही एवढेच दिसते. तरी दिवसातून पाच वेळा जमिनीवर बसून उठणाऱ्यांना ही परीक्षा ओळखीची वाटेल. खाला दोन वर्षांपासून खुर्चीवर नमाज पढतात. गुडघ्यांचे खरे कारण आहे, म्हणून त्यावर मी काही बोलले नाही. फक्त जेवणाआधी खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठायचे, असे ठरले. आणि रोज एक अंडे. 55 किलोच्या बाईला दिवसाला सुमारे 45 ग्रॅम प्रथिने लागतात, अंड्यातून सहा मिळतात. चहा-टोस्ट आणि घनसाळचा भात-आमटी यांतून उरलेली भरत नाहीत, म्हणून मसूर आणि दहीही आले. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

घरात कोणी पाच-सात वर्षे मेटफॉर्मिन घेत असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना बी-12च्या तपासणीबद्दल जरूर विचारा. आणि व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी लिहून दिली असेल तर किती आठवडे तेही विचारून कागदावर लिहून घ्या. ती साधारण दोन महिन्यांची असते. चिठ्ठी जपून ठेवून दोन-दोन वर्षे तीच पुडी आणणारी माणसे माझ्या ओळखीत आहेत, आणि त्याने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येते.

खालांचा अर्धा डबा अजून माझ्या कपाटावर आहे. पैसे गेले म्हणून त्या फेकू देत नाहीत. मिश्री चालू आहे.