वाहन दीर्घायू, जोडणी अल्पायू

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बांधलेल्या मोटारसायकलींवर ध्वनिवर्धक बसवण्याची प्रथा अमेरिकेत आता जुनी झाली आहे. होंडा कंपनीची १९७४ साली प्रथम लोकांसमोर आलेली 'गोल्ड विंग' हे तिचे ठळक उदाहरण. पुढे संगीत खिशात मावू लागले. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला, २००१ साली ॲपलचा आयपॉड. हे खिशातले संगीत गाडीच्या ध्वनिवर्धकापर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न वरकरणी हौशी मंडळींचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न दडलेला आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे साडेतीन मिलिमीटरची साधी पिन. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या मोठ्या प्लगचे हे लहान रूप. वॉकमन असो वा आयपॉड, ही पिन भेदभाव करत नाही. तिच्यातही दोष आहेत. गाडीच्या बॅटरीवरच प्लेअर चार्ज होत असेल, तर चार्जिंगची आणि आवाजाची अशा दोन वाटांनी अर्थिंग जोडले जाते. त्या वर्तुळातून आल्टरनेटरची किरकिर गाण्यात मिसळते आणि इंजिनाचा वेग वाढला की तिचा स्वरही चढतो. मधे लहान ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर जोडला की ती थांबते. म्हणजे खुल्या जोडणीतला दोष गल्लीतला कारागीरही दूर करू शकतो.

याउलट कंपनीच्या मालकीच्या जोडणीचे पाहा. आयपॉडची तीस पिनांची खाच २००३ साली आली. २०१२ साली ॲपलने तिच्या जागी 'लाइटनिंग' आणली आणि २०२३ साली आयफोनवर टाइप-सी. २०२२ साली तर आयपॉडची विक्रीच बंद करण्याचा निर्णय झाला. केवळ त्या तीस पिनांवर विसंबून ज्याने गाडीत खास तार बसवून घेतली, त्याची गाडी ठणठणीत आणि तार निरुपयोगी, अशी अवस्था झाली. २०१८ सालच्या गोल्ड विंगवर ॲपलची 'कारप्ले' व्यवस्था मिळाली, मात्र अँड्रॉइड फोन बाळगणाऱ्यांसाठी तशी सोय २०२० साली आली. गाडी एकच, पण खिशातल्या फोनवरून मालकांच्या दोन पंक्ती झाल्या.

कंपन्यांची बाजूही विचारात घ्यायला हवी. खास जोडणीमुळे पडद्यावर गाण्याचे नाव दिसते, हँडलवरच्या बटणाने गाणे बदलता येते, चालकाचा हात फोनकडे जात नाही. हा लाभ खरा आहे. पण तो खुल्या जोडणीच्या जोडीला द्यावा, तिला हुसकावून नव्हे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनना टाइप-सीची सक्ती केली, ती याच न्यायाने. भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले आहे. मानक सर्वांचे असले की तार कोणाचीही चालते.

या स्वातंत्र्याला एक मर्यादा मात्र आहे. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आपले गाणे रस्त्यावरच्या प्रत्येकाने ऐकलेच पाहिजे, हा आग्रह स्वातंत्र्यात मोडत नाही. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ज्या संगीतात बुडतो, ते संगीत प्रवासाचे सोबती नव्हे, वैरी होय.

मोटारसायकल नीट जपली तर वीस-पंचवीस वर्षे साथ देते. खिशातली उपकरणे चार-पाच वर्षांत जुनी होतात. दीर्घायू वस्तूला अल्पायू वस्तूच्या दावणीला बांधणे हा व्यवहार घाट्याचा आहे. म्हणून गाडी घेताना विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : "उद्या कंपनीने ही तार बनवणे थांबवले, तर माझे काय?" पुरेसे ग्राहक हा प्रश्न विचारू लागले, तर उत्तर शोधणे कंपन्यांना भागच पडेल.