तीनदा वळणारा चेहरा

आपल्याकडील सुशिक्षितांना दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांची टिंगल करणे फार आवडते. सून काही बोलते, सासूचा चेहरा झटक्याने तीनदा पडद्यावर आदळतो, ढग गडगडतात आणि मग दिवाणखान्यातील प्रत्येकाच्या मुद्रेवर कॅमेरा रेंगाळत राहतो. हे पाहून दिग्दर्शकाची अभिरुची आणि घरातील स्त्रियांची बुद्धी या दोहोंवर ताशेरे ओढले जातात. दोन्ही ताशेरे अस्थानी आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर जमाखर्चाच्या वहीत आहे, ते आपण सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत शोधीत बसतो.

या प्रकाराचे नावच पाहा. १९३०च्या दशकात अमेरिकी नभोवाणीवर दुपारी चालणाऱ्या कथामालांना साबण विकणाऱ्या कंपन्या पैसा पुरवीत, म्हणून त्या ‘सोप ऑपेरा’ ठरल्या. ‘गायडिंग लाइट’ ही १९३७ साली नभोवाणीवर सुरू झालेली मालिका १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९पर्यंत चालली. ऐकणारी स्त्री त्या वेळी भांडी घासत असे, इस्त्री करीत असे. म्हणून एकच वार्ता चार पात्रांच्या तोंडून चारदा यायची आणि वाद्याचा एक आघात कान टवकारायला पुरेसा व्हायचा. आजचा गडगडाट हा त्या आघाताचाच वंशज. पोळ्या लाटणारी बाई मान वर करते ती त्या आवाजाने. ती मूर्ख आहे असे समजून हे तंत्र रचलेले नाही. ती कामात आहे हे ओळखून रचलेले आहे. तिचे ते काम बिनपगारी आहे, याची नोंद मात्र टिंगलखोरांनी कधी घेतलेली दिसत नाही.

आता चेहऱ्याकडे येऊ. जवळून टिपलेल्या चेहऱ्याला मागे भिंतीचा हातभर तुकडा आणि मोजके दिवे पुरतात. दहा नटांना एकाच दिवशी एकत्र आणण्याचीही गरज उरत नाही. आज सासू, उद्या सून, आणि संकलनात दोघी समोरासमोर. दहा जणांच्या मुद्रा प्रत्येकी चार सेकंद दाखविल्या की चाळीस सेकंद भरतात, तेही लेखकाने एक शब्द न लिहिता. एकदाच टिपलेला झटका तीनदा दाखविला की आणखी काही सेकंद फुकट! ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ने २००० ते २००८ या काळात अठराशेहून अधिक भाग पुरविले, २००१ साली सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’ने तर तीन हजारांचा टप्पा ओलांडला. इतक्या मजकुराला कथा पुरणे शक्यच नाही. तेथे काळच ताणावा लागतो.

कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्माइद यांनी १९७७ साली मांडले की, जाहिरातींवर जगणाऱ्या माध्यमांचा खरा माल म्हणजे प्रेक्षक. आपण समजतो मालिका विकली जाते. विकले जाते ते आपले लक्ष, आणि गिऱ्हाईक असतो जाहिरातदार. नेमका दाराशी कोण आले हे कळण्याच्या क्षणी चित्र गोठते, ते या मालाची गळती थांबविण्यासाठी.

‘लोकांना हेच हवे असते’ हा मालकवर्गाचा ठेवणीतला युक्तिवाद. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीतून उतरलेले ते कुटुंब दागिन्यांनी मढलेले नव्हते. ते पैशाच्या विवंचनेत जगत होते, आणि देश त्यांच्यासाठी खोळंबत होता. चेहरे, घर, उद्यावर टांगलेला प्रसंग ही साधने तीच होती. ती मालिका निर्दोष होती असे नव्हे. कुटुंबनियोजनाचा उपदेश पहिल्या काही भागांनंतर मागे पडला, प्रायोजक ‘मॅगी’ मात्र घरोघर पोहोचली! पण लोकांना गडगडाटच हवा असतो, हे म्हणणे त्या मालिकेने खोटे पाडले.

या ताणलेल्या मिनिटांमागे ताणले जाणारे देहही आहेत. मुंबईच्या मालिका-व्यवसायात पाळी बारा तासांची, आणि केलेल्या कामाचा मोबदला नव्वद दिवसांनी देण्याची प्रथा. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दिवे उचलणारा कामगार निर्मात्याला तीन महिने बिनव्याजी कर्ज देतो आणि त्यासाठी घरी स्वतः उधारी करतो. आपल्या पुरोगामी मित्रांनी सासू-सुनेच्या प्रतिमांवर परिसंवाद पुष्कळ घेतले. या नव्वद दिवसांवर किती घेतले? नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतील कामगार संघटनांनी काम थांबविले, तेव्हा अव्वल वाहिन्यांना जुनेच भाग पुन्हा दाखवावे लागले. त्या आठवड्यात गडगडाट होता, चेहरे होते, झटकेही तीन-तीनदा होते. फक्त पुढचा भाग नव्हता.