कापूस आपला, कसब कोणाचे?

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावात एका कसबाचे नाव आहे. रंगारी म्हणजे कापड रंगविणारा. कापसाची सरकी निघते, सूत कातले जाते, कापड विणले जाते, त्यावर रंग चढतो. आणि प्रत्येक पायरीवर मालाचे मोल वाढत जाते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू असता आपल्या कापसाच्या गाठी मोठ्या प्रमाणावर लँकेशायरला गेल्या. तेथील गिरण्यांचे कापड मात्र आपणच विकत घेत होतो. कापूस आपला, कसबाचे मोल परक्यांचे! १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली, तेव्हा आपण एक पायरी चढलो. पण यंत्रे इंग्लंडातूनच आणावी लागली.

आजही भारताचे पुष्कळ सूत बांगलादेशात जाते आणि तेथे शिवलेले कपडे युरोपात विकले जातात. वरच्या पायऱ्या केवळ स्वस्त मजुरीने चढता येत नाहीत. त्यांसाठी यंत्रविद्या, कल्पकता आणि मालाचा चोखपणा लागतो. मात्र वाढलेल्या मोलाचा वाटा कापूस पिकविणाऱ्याच्या घरी पोचला नाही, तर ती चढण व्यर्थ होय. मुलांनो, विद्या शिका, कसब हस्तगत करा. पण शेतकऱ्याला विसरू नका.